कोयत्याच्या घरातून पाहिलेले सिनेमे

मी पाथर्डी तालुक्यातली. आईवडील दर वर्षी दिवाळीच्या आगंमागं ऊसतोडीला जातात आणि मी अहिल्यानगरला, म्हणजे आमच्या तोंडी अजून नगरच असलेल्या शहरात, वसतिगृहात राहून मास कम्युनिकेशन शिकते. अभ्यासक्रमात चित्रपट रसग्रहण आलं आणि जगभरातले जुने, नावाजलेले सिनेमे एकापाठोपाठ एक समोर यायला लागले. विनोदी, रहस्यपट, मारधाडीचे, संतपट, तमाशापट, राजकीय. आधी वाटायचं, हे सगळं ज्यांच्या घरी पुस्तकांची कपाटं आहेत त्यांच्यासाठी असेल. आता वाटतं की या सिनेमांकडं जाणारी एक सरळ वाट आमच्या घरातूनही निघते. त्या वाटेवर जे हाती लागलं ते क्रमांक घालून लिहिते आहे, कारण पुढच्या वर्षी याच बाकांवर माझ्यासारखीच मुलं-मुली येऊन बसतील.

१. आधी आपल्या वहीत लिहा, समीक्षा नंतर वाचा

व्हित्तोरिओ दे सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ (१९४८) संपला तेव्हा सरांनी दिवे लावायच्या आधीच सांगितलं, कुणाशी काही न बोलता वहीत लिहा. बहुतेकांनी शेवटाबद्दल लिहिलं. सायकल चोरीला गेलेला बाप शेवटी स्वतःच दुसऱ्याची सायकल उचलतो, पकडला जातो, चारचौघांत मार खातो, आणि छोटा ब्रुनो त्याच्या हातात हात घालतो. माझ्याही घशाशी आलं होतं. पण माझं लिहिणं सिनेमाच्या सुरुवातीच्या एका प्रसंगावरच अडकून राहिलं.

रोम शहर, महायुद्ध नुकतंच सरलेलं. बेकार अंतोनिओला भिंतींवर पोस्टरं चिकटवायचं काम मिळतं, पण अट अशी की सायकल पाहिजे, आणि सायकल तर गहाण पडलेली. त्याची बायको मारिया फार बोलत बसत नाही. पलंगावरच्या चादरी ओढून काढते, लग्नात आलेल्याही काढते आणि गठोडं बांधते. गहाणखान्याच्या खिडकीत घासाघीस होते, पैसे हातात पडतात. आता कॅमेरा खिडकीच्या आत बघतो. तिथला नोकर ते गठोडं घेऊन फडताळावर चढायला लागतो. चढतो, अजून चढतो, आणि आपल्या लक्षात येतं की छतापर्यंतची सगळी फडताळं अशाच गठोड्यांनी भरली आहेत. साऱ्या शहराच्या अंथरुणातल्या चादरी तिथं येऊन पडल्या आहेत. एक शब्द कुणी बोलत नाही.

आईचं डोरलं पावसाळ्यात सराफाकडं असतं. बियाणं, किराण्याची उधारी, माझी फी यांच्यापायी श्रावण-भादव्यात ते जातं आणि टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून ऊसतोडीची आगाऊ उचल मिळाली की सुटून येतं. गावात हे गुपित नाही, पण यावर कुणी बोलतही नाही. मी एकदा आईबरोबर दुकानात गेले होते. सराफानं डोरलं तोललं, गुलाबी कागदाच्या पुडीत घातलं, पुडीवर बॉलपेननं नाव आणि वजन लिहिलं, मागच्या लोखंडी कपाटाचा कप्पा ओढला. कप्प्यात तशाच गुलाबी पुड्या होत्या, कडेला कड लावून, प्रत्येकीवर एकेक नाव. त्यातली दोन नावं आमच्याच आळीतली होती. आईनं मला कोपरानं ढोसलं, बघू नकोस म्हणून. वहीत मी रोमच्या फडताळांच्या शेजारी त्या पुड्या लिहिल्या.

समीक्षा त्यानंतर वाचल्या. इटलीचा नववास्तववाद, स्टुडिओबाहेरचं खरंखुरं रोम, त्याआधी कधी अभिनय न केलेला नायक. लाम्बेर्तो माज्जोरानी हा मुळात कारखान्यातला कामगार, आणि एवढा सिनेमा गाजूनही त्याच्या नशिबी पुन्हा बेकारी आलीच. सत्यजित राय यांनी १९५० मध्ये लंडनला हा सिनेमा पाहिला आणि ‘पथेर पांचाली’ करायची हिंमत बांधली. १९५२ मध्ये भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत सुरू झाला, तिथं तो बिमल रॉय यांनी पाहिला आणि पुढच्याच वर्षी ‘दो बिघा ज़मीन’ आला. हे सगळं मला एका वाचनात समजलं आणि लक्षातही राहिलं, कारण वहीत माझं स्वतःचं काही आधीच होतं. समीक्षा आधी वाचली असती तर मीही नववास्तववादावर नीटनेटकं उत्तर लिहिलं असतं आणि ती फडताळं नजरेतून निसटली असती.

२. मूकपटापासून सुरुवात करा

मराठी माध्यमातून आलेल्यांना पडद्याखालच्या इंग्रजी अक्षरांची धास्ती असते. अक्षरं वाचावीत तोवर चेहरा निघून जातो. यावर सोपा उपाय म्हणजे काही आठवडे फक्त मूकपट बघायचे. आयझेनस्टाइनचा ‘बॅटलशिप पोटेमकिन’ (१९२५), बस्टर कीटनचा ‘द जनरल’ (१९२६). भाषेची अडचण फारशी उरत नाही आणि डोळ्यांना कॅमेरा वाचायची सवय लागते. ‘पोटेमकिन’मधलं खलाशांचं बंड किड्यांनी भरलेल्या मांसावरून पेटतं. मेसच्या डाळीवरून तक्रार अर्ज लिहिलेल्या मुलींना रशियाचा इतिहास ठाऊक नसला तरी चालतो. ओडेसाच्या पायऱ्यांचा प्रसंग मात्र एकदा आवाज बंद करूनही बघा. सैनिकांचे बूट एका लयीत खाली उतरतात आणि लोक सैरावैरा धावतात. दोन लयींची ती टक्कर संगीताशिवायही अंगावर येते.

३. विनोदी सिनेमा कष्टकऱ्यांबरोबर बघा

नाताळच्या सुट्टीत मी आईअण्णांकडं गेले होते. त्यांची टोळी तेव्हा सांगलीकडं होती. उसाच्या फडापासून थोड्या अंतरावर पाचटाच्या कोप्या, मधे मोकळी जागा, चुलींचा धूर. त्या दिवशी कारखान्याकडून गाड्या रिकाम्या होऊन आल्या नव्हत्या, त्यामुळं बायकांना दुपारी थोडी उसंत होती. मी मोबाइल पाण्याच्या कळशीला टेकवून उभा केला आणि चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ (१९३६) लावला.

पहिल्या पाच मिनिटांतच समजलं की इथं मला काही समजावून सांगायचं नाही. पट्ट्यावरून नट-बोल्ट येत राहतात, चार्ली दोन पान्यांनी ते पिळत राहतो, पट्टा थांबला तरी त्याचे हात थांबत नाहीत, झटके येत राहतात. आमच्या वर्गात या जागी मोठा हशा पिकला होता. इथंही बायका हसल्या. आई हसता हसता स्वतःचं उजवं मनगट पुढं करून शेजारणीला म्हणाली, “झोपंत बी असंच करतंय बघ हे.” शेजारणीनं मान डोलावली. तिचंही तसंच होतं.

मग ते जेवू घालणारं यंत्र आलं. कामगाराला जागेवरच भरवायचं, म्हणजे जेवणाची सुट्टी वाचेल, अशी मालकाला दाखवलेली युक्ती. कणीस गरागरा फिरायला लागतं, सूप अंगावर सांडतं, तोंड पुसायचा बोळा थोबाडीत मारल्यासारखा बसतो. हसून हसून एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मालकापुढं ते यंत्र कशासाठी आणलं होतं ते मी सांगितलं तेव्हा ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, “मुकादमाला नको दाखवू गं बाई, आणील एखादं.” पहाटे अंधारात फडात उतरायचं, भाकरी बांधावर उभ्यानंच खायची, आजारी पडून एक दिवस बुडाला तर खाडा, म्हणजे दंड, लागायचा. हे सारं ज्यांच्या रोजच्या जगण्यात आहे त्यांना चार्ली नव्वद वर्षांपूर्वीचा वाटत नाही. परदेशातलाही वाटत नाही.

वर्गात आम्ही या सिनेमावर ‘यंत्रयुगावरची टीका’ असं लिहितो. बरोबरच आहे ते. पण टीका हा शब्द मला तेव्हापासून तोकडा वाटतो. चॅप्लिननं कामगाराच्या अंगात शिरून बसलेलं काम दाखवलं आहे, आणि ते ओळखायला मनगट दुखावं लागतं.

४. इतर हसतील तिथं आपण हसलंच पाहिजे असं नाही

अकिरा कुरोसावाचा ‘राशोमोन’ (१९५०). जंगलात एका सामुराईचा मृत्यू झाला आहे आणि काय घडलं ते चौघं चार तऱ्हेनं सांगतात. लुटारू, सामुराईची बायको, लाकूडतोड्या आणि मेलेला सामुराई स्वतः. मेलेला माणूस साक्ष देतो एका मांत्रिकबाईच्या तोंडून. ती घुमते, केस मोकळे सोडते, आणि तिच्या तोंडून पुरुषाचा आवाज येतो. वर्गात या जागी खसखस पिकली. मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

मोहट्याला नवरात्रात, मढीला कानिफनाथांच्या यात्रेत बाईच्या अंगात वारं येताना मी लहानपणापासून पाहिलंय. त्याबद्दल मला जे काही वाटतं ते वेगळं. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांशी मी त्यावर वाद घालणार नाही. पण त्या क्षणी आजूबाजूची माणसं कशी गप्प होतात, कोण पुढं सरकतं, कोण मागं, हे मला माहीत आहे. म्हणून मला तो प्रसंग साक्षीसारखाच दिसला, चमत्कारासारखा नाही. कुरोसावाला जे सांगायचंय ते तिथंच तर आहे. मेलेला माणूससुद्धा स्वतःची अब्रू राखूनच बोलतो. बांधाच्या भांडणात पंचांपुढं उभ्या राहिलेल्या भावकीची आठवण व्हावी तसं. प्रत्येकाच्या सांगण्यात बांध दुसऱ्यानंच कोरलेला असतो.

या सिनेमाला १९५१ मध्ये व्हेनिसला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि जपानी सिनेमाकडं जगाचं लक्ष गेलं. तंत्राच्या अंगानं बघणाऱ्यांनी दोन गोष्टींकडं लक्ष द्यावं. कॅमेरामन काझुओ मियागावानं पानांच्या फटीतून थेट सूर्यावर कॅमेरा रोखला, जे त्या काळी कुणी फारसं करत नसे. आणि वेशीवरचा तो मुसळधार पाऊस पडद्यावर उठून दिसावा म्हणून पाण्यात काळी शाई मिसळली होती.

५. मारधाडीच्या सिनेमात कोण काय खातं ते बघा

कुरोसावाचाच ‘सेव्हन सामुराई’ (१९५४) २०७ मिनिटांचा आहे, आणि जेवणासाठी मधे उठायचं नाही असं ठरवूनच बसावं. सुगीच्या वेळी दरोडेखोर येणार म्हणून गावकरी लढवय्ये शोधायला निघतात. द्यायला त्यांच्याकडं एकच गोष्ट असते, पोटभर भात. तो सामुराईंना मिळावा म्हणून गावकरी स्वतः भरडधान्यावर भागवतात.

आमच्याकडं रोजची भाकरी बाजरीची. भात शिजतो तो पाहुणे आले की, नाहीतर सणाला. त्यामुळं भाताचा तो वाडगा पडद्यावर आला तेव्हा पुढच्या सगळ्या तलवारबाजीपेक्षा मला तोच मोठा वाटला. आणि मग किकुचियोचा उद्रेक येतो. गावकऱ्यांनी मेलेल्या सामुराईंची चिलखतं दडवून ठेवली आहेत हे कळल्यावर बाकीचे सामुराई संतापतात. तोशिरो मिफुनेचा किकुचियो उसळून बोलायला लागतो: शेतकरी धान्य लपवतात, खोटं बोलतात, लबाड असतात, पण त्यांना तसं कुणी केलं? गावं जाळणाऱ्या, बायका पळवणाऱ्या तुम्हीच ना! बोलता बोलता त्याचा आवाज फाटतो आणि तो स्वतः शेतकऱ्याचं पोर आहे हे उघडं पडतं. शेतकऱ्याला पडद्यावर बिचारा नाहीतर भाबडा बघायची आपल्याला सवय आहे. लबाड आणि तरीही न्याय्य असा शेतकरी मला या सिनेमानं दाखवला. ‘शोले’मध्ये (१९७५) या गोष्टीचा सांगाडा आला, पण रामगडचे लोक काय पिकवतात ते मला अजून सांगता येत नाही.

६. भीती कानातून येते

हिचकॉकचा ‘सायको’ (१९६०) वसतिगृहात रात्री लॅपटॉपवर पाहिला, आणि आमच्या न्हाणीघराची कडी नीट लागत नाही हे सगळ्यांना एकदम आठवलं. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातल्या खुनाचा तो प्रसंग आम्ही आवाज बंद करून पाहिला. भीती जवळजवळ संपली. हिचकॉकला मुळात त्या प्रसंगाला संगीत नकोच होतं. संगीतकार बर्नार्ड हरमननं नुसत्या तंतुवाद्यांवर ते किंचाळणारं संगीत रचलं आणि हिचकॉकनं ऐकून मत बदललं. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं होतं, कृष्णधवल चित्रात ते खपून गेलं. एवढं सगळं माहीत झाल्यावरही मी आवाज लावून तो प्रसंग एकटी बघत नाही.

७. नावाजलेला सिनेमा आवडला नाही तर कारणासकट लिहा

व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ १९७२ चा. तेच दुष्काळाचं साल. आजी त्या सालाची दोनच नावं घेते, सुकडी आणि खडी फोडायचं काम. ‘पिंजरा’ तिनं पुढं कधीतरी यात्रेतल्या तंबूत पाहिला, आणि त्यातली गाणी ती जात्यावर बसल्यासारखी अजून गुणगुणते. राम कदमांचं संगीत, जगदीश खेबुडकरांची गाणी, संध्याचं नाचणं, डॉ. श्रीराम लागूंचा ढासळत जाणारा मास्तर. यात उणं काढायला मला जागा नाही.

तरी सिनेमा संपला तेव्हा मला राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. आदर्श मास्तर गाव सुधारायला निघालेला आहे. तो तमाशाचा फड गावातून हाकलून देतो. फड नदीपलीकडं जातो आणि फडातली नाचणारी चंद्रकला सूड घ्यायची शपथ घेते. इथून पुढं सिनेमा मास्तरच्या अधःपतनाची गोष्ट होतो, आणि चंद्रकलेच्या पोटावर आधी पाय कुणी दिला होता हे विसरायला लागतो. तमाशाच्या फडात एका सुपारीवर, म्हणजे ठरलेल्या एका खेळावर, किती घरं जगतात ते यात्रेच्या गावातल्या पोरांना सांगावं लागत नाही. सुपारी रद्द झाली की फडमालक कर्ज काढून लोक सांभाळतो. ती बाई चिडली तर चूक काय?

कारण शोधताना मी मागं गेले. ‘पिंजरा’चं मूळ जर्मनीतल्या ‘द ब्लू एंजल’मध्ये (१९३०) आहे, आणि त्याचं मूळ हाइनरिश मानच्या १९०५ च्या कादंबरीत. म्हणजे नाचणारीच्या नादानं पंतोजी बुडाला, ही भीती तिकडूनच चालत आलेली. मग अनंत मानेंचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पाहिला. तिथं तमाशातली पोर आईवर झालेला अन्याय भर फडात गावासमोर मांडते. म्हणजे नाचणारी स्वतः बोलते, आणि ऐकायची पाळी तो अन्याय करणाऱ्या पाटलावर येते. पुण्याच्या विजयानंदमध्ये हा सिनेमा १३१ आठवडे चालला. लोकांना ती बाई बोललेली हवी होती, असं मी त्या आकड्याचं उत्तर लावते. आजीला माझं हे सगळं म्हणणं पटत नाही, आणि आम्ही दोघी त्यावर मनसोक्त भांडतो.

८. आपल्या जिल्ह्याचं नाव श्रेयनामावलीत शोधा

हे मी अभिमानापोटी म्हणते आहे, आणि कामाच्या दृष्टीनंही. नाव सापडलं की सिनेमा दुसऱ्या कुणाचा राहत नाही.

‘सामना’ घ्या. विजय तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, निळू फुल्यांचा हिंदुराव आणि लागूंचा दारुडा मास्तर. हा सिनेमा १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. पण तो उभा करणारे निर्माते रामदास फुटाणे आमच्या जामखेडचे, चित्रकलेचे शिक्षक. बर्लिनपर्यंत गेलेल्या सिनेमाच्या मागं जामखेडचा एक चित्रकला शिक्षक होता, हे वाचलं त्या दिवशी मी चालत माळीवाड्यापर्यंत गेले आणि आशा टॉकीज चौकातून परत आले. एका जागी बसवत नव्हतं.

‘सामना’तला हिंदुराव साखर कारखाना काढतो, गावाचं भलं करतो आणि त्याच्याच राज्यात मारुती कांबळे नावाचा माणूस नाहीसा होतो. मास्तर त्या माणसाबद्दल विचारत राहतो, एवढीच गोष्ट. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात आमच्याच जिल्ह्यात प्रवरानगरला झाली. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी ती घडवली, आणि १९५० मध्ये तिथं गाळप सुरू झालं. त्या कारखान्यांनी शेतकऱ्यांची घरं उभी केली हे मी नाकारत नाही. पण मी फडाच्या बाजूची आहे. म्हणून सिनेमा बघताना माझं लक्ष सारखं कोयता धरणाऱ्यांना शोधत होतं, आणि गोष्टीच्या मध्यभागी ते मला भेटले नाहीत. गोष्ट वाड्यात घडते. ‘सामना’ मला प्रचंड आवडतो आणि त्याच्या शेजारी फडातून सांगितलेला एक सिनेमा असायला पाहिजे असंही वाटतं. दोन्ही गोष्टी माझ्या वहीत एकाच पानावर आहेत.

‘अर्धसत्य’ (१९८३) पोलीसपट म्हणून दाखवला होता. गोविंद निहलानींचा सिनेमा, ओम पुरींचा धुमसणारा वेलणकर. पण मी बघत होते रामा शेट्टीला. सदाशिव अमरापूरकर, जन्म नगरचा, इथल्याच हौशी रंगभूमीवर घडलेले. खलनायक म्हटलं की ओरडणं, दात-ओठ खाणं असा तो काळ. या माणसाला आवाज चढवायची गरजच पडत नाही. सत्ता ज्याच्या हातात असते तो सावकाश बोलतो, हे त्यांनी कुठं पाहिलं असेल? मला माझ्यापुरतं उत्तर माहीत आहे. तसं सावकाश बोलणारे लोक आमच्या जिल्ह्याला नवे नाहीत. त्या भूमिकेला फिल्मफेअर मिळालं.

आणि शाहू मोडक. १९१८ मध्ये नगरला मराठी ख्रिस्ती घरात जन्म. ‘श्यामसुंदर’मध्ये (१९३२) कृष्ण, शांतारामांच्या ‘माणूस’मध्ये (१९३९) नायिका मैनेवर जीव जडलेला हवालदार गणपत, आणि लगेच पुढच्या वर्षी प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ज्ञानदेव. ज्ञानेश्वरी जिथं सांगितली गेली ते नेवासं आमच्याच जिल्ह्यातलं. ख्रिस्ती घरातल्या नगरच्या मुलाला महाराष्ट्रानं ज्ञानोबा म्हणून पाहिलं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, या गोष्टीपाशी मी आजही बराच वेळ थांबते. भिंत चालते तो प्रसंग तंत्र म्हणून आता साधा वाटू शकतो. मोडकांच्या चेहऱ्यावरची शांतता जुनी झालेली नाही.

आजच्या मुलांना आणखी जवळचं नाव पाहिजे असेल तर नागराज मंजुळे आहेत. नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकताना त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘फँड्री’ त्यानंतरचा.

९. पडदा मिळाला नाही तर धोतर बांधा

गेल्या हरिनाम सप्ताहाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही गावात मारुतीच्या देवळासमोर ‘संत तुकाराम’ (१९३६) दाखवला. प्रोजेक्टर वर्गमित्राच्या मावसभावाचा, स्पीकर भजनी मंडळाचा, पडदा म्हणजे दोन खांबांना ताणून बांधलेलं धुतलेलं धोतर. वारा आला की विष्णुपंत पागनीसांचा चेहरा थोडा हलायचा. प्रभातच्या दामले-फत्तेलालांचा हा सिनेमा त्या काळी मुंबईत एकाच चित्रपटगृहात ५७ आठवडे चालला आणि व्हेनिसच्या महोत्सवातही वाखाणला गेला. गावात हे मी थोडक्यात सांगितलं. कुणी फारसं लक्ष दिलं नाही, आणि सिनेमा सुरू झाल्यावर कुणी जागचं हललं नाही.

मला वाटलं होतं वैकुंठगमनावर हात जोडले जातील. ते जोडले गेलेच. पण चर्चा रंगली ती तुकोबांच्या बायकोवर, आवलीवर. अभिनेत्री गौरीनं उभी केलेली आवली आजारी पोराला घेऊन, चप्पल हातात धरून विठोबापुढं जाते, तेव्हा पुरुषांच्या बाजूनं नाराजीचा सूर निघाला. बायकांच्या बाजूनं निघाला तो वेगळाच. दुसऱ्या दिवशी हापशावर तोच विषय होता. एक म्हातारी म्हणाली, “महाराज मोठेच गं, पण पोरांच्या पोटाचं तीच बघत होती ना.” भजनी बुवांनी तिला कीर्तनातला दाखला दिला, तिनं त्यांना सुनेचा दिला. सिनेमाच्या कर्त्यांनीही आवलीला कजाग बाई म्हणून सोडून दिलेलं नाही. तिचा संसार, तिची म्हैस, तिचं चूल-पोतेरं कॅमेरा तुकोबांइतक्याच आदरानं बघतो. समीक्षेच्या पुस्तकात मी हे नंतर वाचलं. हापशावर ते आधी ठरून गेलं होतं.

आता भादव्यात, टोळ्या ठरायच्या आणि उचल वाटायच्या आधी, ‘दो बिघा ज़मीन’ दाखवायचं ठरलं आहे. बलराज साहनींचा शंभू, जमीन वाचवायला कलकत्त्याला जाऊन रिक्षा ओढतो. त्याच्या हिशेबानं देणं ६५ रुपये, जमीनदाराच्या वहीत २३५. अण्णांना फोनवर मी गोष्ट सांगत होते. रिक्षाच्या शर्यतीपर्यंत पोचायच्या आधीच त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं, “त्याचा अंगठा कोऱ्या कागदावर घेतला होता का गं?”